भुकेपेक्षा चार घास जास्त का जातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की आणि लग्नसराई ओसरली की हे प्रश्न हमखास येतात. कधी भिशीत, कधी लोकलमध्ये, कधी रात्री साडेदहाला फोनवर. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. रोज चार माणसांचा स्वयंपाक करते आणि माणसं किती खातात, का खातात याबद्दलचं संशोधन वाचायची खोड आहे, एवढंच भांडवल. तीच तीच उत्तरं देण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

भूक नसताना हात डब्याकडे जातो. माझ्यातच काही खोट आहे का?

नाही. किती खायचं हे आपण दर घासाला बसून ठरवत नाही. चहाचं आधण ठेवलं की दुसरा हात खारीच्या डब्याचं झाकण काढतो. त्या क्षणी भूक आहे का, हे कुणी विचारलेलंच नसतं. वेळ, जागा, समोरचं भांडं, शेजारचं माणूस आणि वाढणारा हात यांनी ते परस्पर ठरवलेलं असतं. पोटाला मागाहून कळतं.

आमच्या घरचंच सांगते. एका दिवाळीत एक किलो पोह्यांचा चिवडा केला आणि काचेच्या बरणीत भरून जेवणाच्या टेबलावर ठेवला. येता-जाता मूठ. भाऊबीजेला बरणीच्या तळाशी मीठ, तीळ आणि कढीपत्त्याचा चुरा. पुढच्या वर्षी तेवढाच चिवडा, तीच फोडणी, फक्त स्टीलच्या डब्यात घालून फडताळाच्या वरच्या खणात, बेसनाच्या डब्यामागे. तो तुळशीच्या लग्नापर्यंत पुरला. कुणाला 'खाऊ नका' म्हटलं नव्हतं, की चिवडा मागितल्यावर नाही म्हटलं नव्हतं. एका घरातल्या एका बरणीने काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण बरणी पुन्हा टेबलावर आली नाही.

पोट भरल्याचं मेंदूला कळायला वीस मिनिटं लागतात, हे खरं का?

साधारण खरं. वीस हा बोलायचा गोल आकडा आहे, घड्याळ लावून बसू नका. जठर ताणलं गेलं की व्हेगस नावाच्या मज्जातंतूवरून मेंदूला खबर जाते, ती लवकर पोचते. पण अन्न लहान आतड्यात उतरल्यावर सुटणारी संप्रेरकं (कोलेसिस्टोकायनिन, पीवायवाय, जीएलपी-१) रक्तात सावकाश चढतात, आणि 'आता बास' हे सांगण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. जीएलपी-१ म्हणजे सध्या वजनाच्या इंजेक्शनांमुळे घरोघरी पोचलेलं नाव. त्या औषधांत त्याचीच नक्कल असते. सकाळची लोकल गाठायला आठ मिनिटांत दोन पोळ्या आणि भाजी आत ढकलणाऱ्याच्या बाबतीत निरोप येईपर्यंत ताट रिकामं झालेलं असतं.

इथे पाकिटातल्या पदार्थांचा मुद्दा येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २० माणसांना महिनाभर रुग्णालयातच ठेवलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं अन्न. समोर ठेवलेल्या जेवणातल्या कॅलरी, साखर, स्निग्धांश, मीठ, चोथा सगळं जुळवून. हवं तेवढं खा, म्हणून सांगितलेलं. प्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत जवळपास ९०० ग्रॅमने वाढली. त्यांचा खाण्याचा वेगही जास्त होता. मऊ, चावायला न लागणारं अन्न निरोपाच्या आधी पोटात पोचतं. ज्वारीच्या भाकरीला जबडा हलवावा लागतो, बनपावाला नाही. वेग हेच एकमेव कारण, असं मात्र त्या प्रयोगातून निघत नाही.

लहान ताटात जेवलं की कमी खाल्लं जातं ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि याचंच उत्तर सगळ्यांत अवघड आहे.

दृष्टिभ्रम खरा आहे. जोसेफ डेलबफ या बेल्जियन विद्वानाने १८६५ मध्येच दाखवलं होतं, की एकाच मापाचं वर्तुळ मोठ्या कड्यात ठेवलं की लहान दिसतं आणि घट्ट कड्यात मोठं दिसतं. मोठ्या ताटातली भाताची मूद बिचारी वाटते, ताटलीत तीच ऐसपैस बसते. पण 'लहान दिसतं' इथून 'म्हणून जास्त खाल्लं जातं' इथे पोचायला पुरावा लागतो, आणि तो पुरावा पुष्कळ ठिकाणी डळमळीत निघाला. नवं लहान ताट आणण्याआधी पुढचं उत्तर वाचा.

त्या अमेरिकन प्राध्यापकाचं काय झालं, ज्याचे प्रयोग सगळीकडे छापून यायचे?

ब्रायन वॉन्सिंक. कॉर्नेल विद्यापीठात त्याची अन्न आणि ब्रँड प्रयोगशाळा होती. 'नकळत खाणं' हा विषय घराघरांत पोचवला तो त्यानेच. त्याचा गाजलेला प्रयोग म्हणजे तळातून नळीने आपोआप भरत राहणारा सूपचा वाडगा. साध्या वाडग्यातून पिणाऱ्यांपेक्षा या लोकांनी ७३ टक्के जास्त सूप प्यायलं आणि आपण जास्त प्यायलो असं त्यांना वाटलंही नाही, असा निष्कर्ष होता. २००७ मध्ये या प्रयोगाला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस.

नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याने मोठ्या कौतुकाने लिहिलं, की एका फसलेल्या प्रयोगाचे आकडे त्याने परदेशातून आलेल्या एका विद्यार्थिनीला दिले आणि तिने चिकाटीने त्यातून पेपर काढले. त्याला वाटलं, मेहनतीची गोष्ट सांगतोय. संख्याशास्त्र जाणणाऱ्यांनी डोक्याला हात लावला. आधी आकडे, मग त्यात बसेल तो प्रश्न शोधायचा, म्हणजे बाण मारून झाल्यावर भोवती वर्तुळ काढायचं. काही चिकित्सक संशोधकांनी त्याचे जुने पेपर तपासायला घेतले. बेरजा जुळेनात. सप्टेंबर २०१८ मध्ये जामा समूहाच्या, म्हणजे अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेच्या नियतकालिकांनी त्याचे सहा पेपर एका दिवशी मागे घेतले. त्यात मोठ्या वाडग्यातून जास्त खाल्लं जातं, हा एक होता. उपाशीपोटी वाणसामान आणायला गेलं की भलतं घेतलं जातं, हाही त्यातच होता. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने शैक्षणिक गैरवर्तनाचा ठपका जाहीर केला. पुढच्या जूनमध्ये तो बाहेर पडला.

मी हे एवढं लांबण लावून का सांगते आहे? मराठी पुरवण्यांत आणि व्हॉट्सॲपवर आजही हेच प्रयोग 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय' म्हणून फिरतात. पेपर मागे गेला म्हणजे त्यातलं म्हणणं खोटं ठरलं असं नाही. त्या पेपरचा आधार गेला, इतकंच. उपाशीपोटी दुकानात गेल्यावर माझ्याही पिशवीत बाकरवडी येते. पण आता मी त्याला संशोधन म्हणत नाही.

मग भक्कम पुरावा कशाचा आहे?

एका वेळी समोर किती वाढलंय त्याचा, म्हणजे वाढीच्या मापाचा. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांनी लोकांना वेगवेगळ्या दिवशी ५००, ६२५, ७५० आणि १००० ग्रॅम चीज घातलेली मॅकरोनी दिली आणि हवी तेवढी खायला सांगितली. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. सगळ्यांत मोठ्या वाढीवर लोक सगळ्यांत लहान वाढीपेक्षा ३० टक्के जास्त ऊर्जा खात होते. निम्म्याहून जास्त लोकांच्या वाढ बदलल्याचं लक्षातही आलं नव्हतं. यातली मला सगळ्यांत पटलेली गोष्ट वेगळीच आहे. काहींना ताट भरून मिळालं होतं, काहींनी समोरच्या भांड्यातून आपल्या हाताने घेतलं होतं, तरी परिणाम तोच. भांडं भरलेलं दिसलं की हात सैल होतो.

२०१५ मध्ये कॉक्रेन या आरोग्यविषयक संशोधन पडताळून एकत्र मांडणाऱ्या संस्थेने ६१ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. वाढ, पाकीट किंवा भांडी मोठी असली की माणसं जास्त खातात, आणि हा फरक लहान ते मध्यम आकाराचा आहे, असं त्यात निघालं. म्हणजे परिणाम आहे, चमत्कार नाही.

घरात याचा उपयोग? मी ताटं बदलली नाहीत, डाव बदलला. भाताचा मोठा खोलगट डाव काढून पसरट चमचा ठेवला, आणि तेलाच्या किटलीत हात सैल सुटायचा म्हणून फोडणीला पोहे खायचा मोठा चमचा मोजून घ्यायला लागले. तेलाच्या अशा एका चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, १२० किलोकॅलरींच्या आसपास असतात. ते भाजीत दिसत नाहीत आणि खाताना कुणी मोजत नाही. दुसरं, आमटी-भाजीची पातेली ओट्यावरच राहतात. ज्याला हवं तो उठून घेतो. उठावं लागतं, म्हणून दोनदा विचार होतो. सासूबाईंना हे पहिले कित्येक दिवस भिकारपणाचं लक्षण वाटायचं.

टीव्ही बघत जेवलं तर काय बिघडतं?

त्या वेळी थोडं जास्त खाल्लं जातं, पण खरा फटका नंतर बसतो. जेवण आठवणीत नीट उतरत नाही, आणि आठवण ही भुकेचा भाग असते.

हे सगळ्यांत लख्ख दिसलं ते पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणात. मेंदूला इजा होऊन नवीन आठवणी टिकणं बंद झालेल्या दोघांसमोर दुपारचं जेवण ठेवलं. त्यांनी ते खाल्लं. ताटं उचलली. दहा ते तीस मिनिटांत पुन्हा जेवण आणून 'जेवायची वेळ झाली' म्हटलं. दोघं पुन्हा जेवले. तिसऱ्यांदा ताट आलं तेव्हाही बहुतेक वेळा खायला सुरुवात केली. ज्यांची स्मरणशक्ती शाबूत होती त्यांनी दुसऱ्याच ताटाला नको म्हटलं. पोट त्या पहिल्या दोघांचंही भरलेलं होतं, फक्त जेवल्याची आठवण नव्हती.

मालिकेच्या चढत्या पार्श्वसंगीतात आमटी-भात संपवणारे आपण थोड्या प्रमाणात तेच करतो. बर्मिंगहॅमच्या सुझॅन हिग्स यांनी याची उलटी बाजू दाखवली. दुपारी काय खाल्लं ते आठवायला सांगितलं, की लोक नंतरच्या बिस्किटांना कमी हात लावतात. आमच्याकडे चार वाजता कुणी 'काहीतरी चटपटीत कर' म्हणालं की मी आधी विचारते, 'दुपारी भाजी कुठली होती?' अर्ध्या वेळा आठवत नाही. आठवली तर कधी कधी चहावर भागतं.

पॉपकॉर्न न आवडताही पिक्चरला गेल्यावर मी अख्खा टब संपवतो. का?

कारण तुम्ही नाही, खुर्ची खाते. डेव्हिड नील, वेंडी वूड आणि सहकाऱ्यांचा २०११ चा प्रयोग बघा. थिएटरात काहींना ताजे पॉपकॉर्न दिले, काहींना सात दिवसांचे शिळे. ज्यांना थिएटरात पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले. आवडले का विचारलं तर नाही म्हणाले. त्याच प्रकारच्या लोकांना सभेच्या खोलीत बसवलं तेव्हा शिळे बाजूला पडले. थिएटरातही नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावलं, तेव्हा सवय तुटली. एकदा डाव्या हाताने खाऊन बघा. पहिल्या दहा दाण्यांतच चव लागायला लागते आणि बहुतेक वेळा ती काही खास नसते.

लग्नात नेहमी जास्त होतं. पंगतीत जास्त खाल्लं जातं की बफेत?

माझं मत: दोन्हीकडे, वेगवेगळ्या कारणांनी.

माणसं बरोबर असली की जेवण मोठं होतं, हे जुनं निरीक्षण आहे. जॉन डी कॅस्ट्रो यांनी लोकांकडून आठवडाभर खाण्याच्या नोंदी ठेवून घेतल्या. चारचौघांत केलेली जेवणं एकट्याने केलेल्यांपेक्षा ४४ टक्के मोठी होती. एक साधं कारण म्हणजे वेळ. गप्पा लांबतात, हात ताटात असतो. पंगतीत तर सगळ्यांचं होईपर्यंत पानावरून उठायचं नाही हा नियमच. तुमचं झालं आणि समोरचे काका अजून ताकभातावर आहेत, तेवढ्यात जिलबीचं ताट पुन्हा फिरतं.

बफेतला सापळा विविधतेचा. एका चवीचा कंटाळा येतो, पण तो त्या चवीपुरताच. रोल्स यांनीच १९८१ मध्ये दाखवलं, की सँडविचमधलं सारण चार प्रकारचं असलं तर लोक एकाच प्रकारापेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त खातात. 'गोडासाठी पोटात वेगळा कप्पा असतो' असं आपण हसत म्हणतो, ते जिभेपुरतं खरं आहे. पाणीपुरीचा काउंटर, चायनीज, पावभाजी, डोसा, मग मुख्य जेवण, मग गरम गुलाबजामवर आइस्क्रीम: प्रत्येक काउंटरला भूक नव्याने सुरू होते.

जुन्या पानात मात्र एक शहाणपण होतं असं मला वाटतं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं डाव्या हाताला, चिमूट-चिमूट. विविधता होती, पण ती बोटाच्या पेरावर मावणारी. मी बफेत आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारते. लोकांना वाटतं, यजमानांना शोधतेय.

आईच्या वयाच्या बायका सगळ्यात कमी जेवतात तरी वजन वाढतं. कसं?

कारण त्यांचं जेवण ताटात नसतंच. नातवाने टाकलेला अर्धा फुलका, कढईला चिकटलेली चमचाभर भाजी, 'एवढ्यासाठी कुठे वाटी भरून फ्रिजमध्ये ठेवू' म्हणून संपवलेला भात, मीठ बघताना तळहातावर घेतलेली आमटी. मग सगळ्यांचं झाल्यावर त्या पान घेतात आणि एकच पोळी खातात. ती एकच पोळी सगळ्यांना दिसते.

अन्न टाकायचं नाही, हा संस्कार चांगलाच आहे. पण पोटात भुकेवाचून गेलेलं अन्नही वाया गेलेलंच असतं, हे त्यांना पटवायला मला चार वर्षं लागली आणि अजूनही पुरतं पटलेलं नाही. उपयोगी पडल्या त्या झाकणाच्या छोट्या वाट्या. चमचाभर भाजीलाही हक्काचं घर मिळालं की ती पोटात टाकावी लागत नाही. सकाळी ती थालीपिठात जाते. नातवाला आधी अर्धाच फुलका वाढायचा, हा दुसरा उपाय. 'ताट संपव' म्हणायची वेळच येत नाही.

उपवासाने आठवड्याचा हिशोब जुळतो का?

एकादशी, दुप्पट खाशी. ही म्हण करणाऱ्याने घरात नीट डोळे उघडे ठेवलेले होते. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण ३५० किलोकॅलरी, तेवढ्याच दाण्याच्या कुटात साडेपाचशेच्या वर, वरून तूप आणि बटाटा. 'आज उपास आहे' या शब्दांनीच हात मोकळा होतो, कारण कमी खाल्ल्याचं श्रेय सकाळीच मिळालेलं असतं. भक्तीसाठी करत असाल तर माझं काही म्हणणं नाही.

झोपेचा काही संबंध आहे?

आहे. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. तृप्ती कळवणारं लेप्टिन १८ टक्के उतरलं, भूक चाळवणारं घ्रेलिन २८ टक्के चढलं. रात्री एकपर्यंत मोबाइल बघून दुसऱ्या दिवशी वडापावच्या गाडीपाशी पाय का थबकतात, याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

आयुर्वेदात याचं काही माप आहे का?

वाग्भट सांगतो, पोटाचे चार भाग कल्पावेत. दोन अन्नाने भरावेत, एक पाण्याने, चौथा वाऱ्यासाठी मोकळा सोडावा. अडचण एवढीच, की चौथा भाग कुठे सुरू होतो हे पहिल्या तीन भागांच्या वेळी शुद्धीवर असलेल्यालाच कळतं.

नवी सवय एकवीस दिवसांत लागते ना?

लागत नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या, २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, आणि पसारा १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. म्हणून तर मी सवय बदलण्यापेक्षा डबा हलवायला सांगते. डबा एका मिनिटात हलतो.

हे सगळं करूनही वजन हललं नाही तर?

तर तपासण्या करून घ्या. थायरॉइड, काही औषधं, पाळीच्या तक्रारी, मधुमेह यांना बरणीच्या जागेने फरक पडत नाही. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलाच. आणि लपून भराभर खाणं, मग अपराधी वाटणं, मग उलटी काढणं असं काही होत असेल तर तो सवयीचा प्रश्न नाही, आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

आमच्याकडे आग्रह केला नाही तर पाहुण्यांना राग येतो. काय करू?

आपल्या भाषेत अन्न देण्यालाही वाढणं म्हणतात आणि अंगाने मोठं होण्यालाही, त्यामुळे तुमची अडचण कळते. पाहुणे असताना खायचे त्रास सगळे वाढणाऱ्या हातापाशी सुरू होतात. पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून तूप सोडणाऱ्या मावश्या मी पाहिल्या आहेत. माझी एक मावशी तर 'नको' हा शब्द तीनदा ऐकल्याशिवाय खरा धरायची नाही. त्यामुळे पोट भरलेली माणसं तिच्याकडे पहिल्या दोन 'नको'ला श्रीखंड खाऊन मोकळी व्हायची.

मी आग्रह सोडला नाही, त्याची जागा बदलली. 'अजून थोडं घ्या ना' हे मी गप्पांसाठी म्हणते, बसण्यासाठी म्हणते, निघताना डब्यात भरून देण्यासाठी म्हणते. त्या दिवशी पातेली ओट्यावर न ठेवता टेबलावर आणते, डाव भांड्यात घालते आणि दांडा पाहुण्यांच्या बाजूला वळवून ठेवते.